शाळेंतील मुलांस चर्चचा इतिहास कसा सांगावा?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षकांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



आजचा विषय आम्हीं आपण होऊन निवडलेला नाहीं. तो सातवींतल्या एका पोरानें आमच्या गळ्यांत घातला. मागें मिरजेजवळच्या एका शाळेंत आम्ही सहज गेलों होतों. इतिहासाचा तास चालूं होता. मधेंच एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, आमची आजी म्हणते मिशनच्या दवाखान्यांत तिचा जीव वांचला. तर मिशन म्हणजे काय? आणि तिथं क्रूस कशाला?" गुरुजी बिचारे गोंधळले. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, दाराकडे पाहिलें आणि म्हणाले, "तें परीक्षेला नाहीं. खालीं बस." मुलगा खालीं बसला. तास संपल्यावर गुरुजींनीं आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, "सांगायला माझी ना नाहीं हो. पण उद्यां एकजण म्हणेल, मास्तर पोरांना बाटवतो; दुसरा म्हणेल, मास्तरानें आमच्या येशूची निंदा केली. दोन्हीकडून डोकें फुटायचें तें माझेंच."

गुरुजींचें भय खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण मास्तर गप्प बसला म्हणजे पोराचा प्रश्न मरतो असें थोडेंच आहे! तो शाळेंतून उठतो आणि चावडीवर जातो. तेथें त्याला दोन उत्तरें तयार मिळतात. एक म्हणतो, पाद्री म्हणजे देवदूत, त्यांनीं येऊन आम्हांला माणसांत आणलें. दुसरा म्हणतो, पाद्री म्हणजे चोर, त्यांनीं मूठभर तांदूळ दिले आणि धर्म नेला. पोरगा ज्या घरचा असेल तें उत्तर तो उचलतो आणि जन्मभर तेंच घोकतो. बंधूंनो, इतिहास शिकविणें म्हणजे पोराच्या हातीं विस्तव देणें आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण चुलींतला विस्तव आणि वणवा यांत फरक असतो, आणि चूल कशी पेटवावी तें शिकविण्यासाठींच तर तुमची नेमणूक झाली आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट उरकून घेऊं, कारण भयाचें मूळ तेथें आहे. आपल्या घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं. आणि सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेंत मुलाच्या, अगर तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून त्याला प्रार्थनेस वा धर्मपाठास बसवावयाचें नाहीं. हें योग्यच आहे. परंतु धर्म शिकविणें वेगळें आणि धर्माविषयीं शिकविणें वेगळें. २००२ सालीं अरुणा रॉय यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हाच भेद मानला कीं, निरनिराळ्या धर्मांची माहिती देणें म्हणजे या कलमानें मना केलेलें धर्मशिक्षण नव्हे. "येशू तुझा तारणारा आहे, गुडघे टेक," असें म्हणणारा मास्तर कायदा मोडतो. "ख्रिस्ती लोक येशूला तारणारा मानतात, आणि त्यांतील एक मनुष्य १८८९ सालीं सांगलीला येऊन राहिला, तो कां आला असेल, पाहूं," असें म्हणणारा मास्तर आपलें काम करतो.

आतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगतों. सांगावयास लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत आम्ही शिकत असतां आमच्या वर्गांत एक ख्रिस्ती मुलगा होता. आडनांव गांवच्या महारवाड्यांतलें, नांव बायबलांतलें. हजेरी घेतांना आमचे एक मास्तर त्याच्या नांवाशीं थांबत, चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "हा घरचा ना घाटचा." वर्ग हंसे. आम्हीहि हंसत असूं. तो मुलगा एकदां आमच्या घरीं आला. त्याला तहान लागली. आमच्या आजीनें त्याला ओंजळ धरावयास लावून वरून पाणी ओतलें. त्याच्या आजोबांनीं देव बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण आमच्या घरच्या तांब्याला त्याची खबर नव्हती. शाळेंत तो बाटगा, आमच्या दारांत तो महार, आणि त्याच्या घरीं कोणता इतिहास सांगत होते तें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं. पुढें तो मुंबईस गेला असें ऐकलें. त्या मास्तरानें त्या दिवसांत एक तास, अवघा एक तास, नीट इतिहास सांगितला असता, तर आम्ही हंसलों नसतों एवढें खात्रीनें सांगतों. म्हणून आमचा हा आग्रह आहे. तो पाद्र्यांसाठीं नाहीं आणि पाद्र्यांविरुद्धहि नाहीं. तो त्या बाकावर मान खालीं घालून बसलेल्या पोरासाठीं आणि त्याला हंसणाऱ्या पोरांसाठीं आहे.

तर सुरुवात कोठून करावी? पुस्तकें बेथलेहेमपासून सुरू होतात. आमचें मत, उलट चालावें. पोराच्या उंबऱ्यापासून निघावें आणि बेथलेहेमला शेवटीं पोंचावें.

त्या मुलाच्या आजीचाच दवाखाना घ्या. डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे जन्मानें कॅनडाचे. त्यांना पाठविलें अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन मिशननें. १८८९ च्या अखेरीस ते आले. आरंभीं सांगलीस लहानसा दवाखाना काढला, मग मिरजेस मुक्काम हलविला, आणि तेथें १८९४ सालीं इस्पितळ उभें राहिलें. पुढें त्याला जोडून डॉक्टरकीची व परिचारिकांची शाळा निघाली, कुष्ठरोग्यांस आसरा झाला, आणि सांगली-मिरजेच्या मधें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम बांधलें गेलें. त्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणतात. एस. टी. च्या पाटीवर तें नांव रोज वाचणाऱ्या किती पोरांस ठाऊक आहे कीं तें एका माणसाचें आडनांव आहे? कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा या डॉक्टरांशीं स्नेह होता. १९२८ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली आणि १९३३ सालीं ते वारले. आणि गंमत अशी कीं, ज्या मिरजेंत मीरासाहेबांचा दर्गा, ज्या मिरजेंत तंबोरे घडविणारे कारागीर, त्याच मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या राज्यांत हें इस्पितळ वाढलें. ब्राह्मण राजा, मुसलमान पीर, ख्रिस्ती डॉक्टर आणि खाटेवर कुणबी! एवढें एक गांव नीट समजलें तरी पोराचें निम्में शिक्षण झालें.

आतां वर्गांत विचारावें: प्रेस्बिटेरियन म्हणजे काय? हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'वडीलधारा' असा आहे. मंडळीचा कारभार बिशपानें गादीवर बसून पाहूं नये, निवडलेल्या वडीलधाऱ्यांनीं पाहावा, असें म्हणणारा हा पंथ. आमच्या पोरांस पंच ठाऊक आहेत. त्यांना हें पटकन् समजतें. ही पद्धत आली स्कॉटलंडांतून. तेथें १५६० सालीं जॉन नॉक्सच्या पुढारीपणाखालीं पोपाचा अंमल झुगारून दिला गेला. नॉक्स हें शिकला जिनिव्हांत कॅल्विनजवळ. कॅल्विनच्या मागें आहे जर्मनींतला मार्टिन ल्यूथर. १५१७ सालीं त्यानें पोपाच्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांवर हल्ला चढविला. पैसे टाका, चिठ्ठी घ्या, आणि मेलेल्या बापाचा जीव यातनेंतून सोडवा, असा तो धंदा होता. बंधूंनो, आमच्या बहुजन समाजाला हा भाग मुळींच समजावून सांगावा लागत नाहीं! तेराव्याच्या दिवशीं गादी, छत्री, जोडा आणि पाण्याचा तांब्या दान केला म्हणजे तो वर बापाला पोंचतो, असें सांगणारी टपालकचेरी आमच्याकडेहि आहे. देव आणि माणूस यांच्या मधें बसून दलाली खाणारा इसम पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे एकाच तऱ्हेचा असतो, त्याची टोपी तेवढी निराळी.

पण येथें मास्तरानें थांबूं नये. ल्यूथरनें पोपाला आव्हान दिलें म्हणून त्याच्या बाजूचे सगळे दयाळू होते असें सांगणें म्हणजे पुन्हां भाकडकथाच. ज्या जिनिव्हांत कॅल्विनचा शब्द चाले, त्याच जिनिव्हांत १५५३ सालीं सर्व्हेटस नांवाच्या विद्वानाला मतभेदासाठीं जिवंत जाळलें. आणि विल्यम टिंडेल? बायबल इंग्रजींत आणून नांगर हांकणाऱ्या पोराच्या हातीं द्यावें, यासाठीं झटलेला हा मनुष्य १५३६ सालीं गळा आवळून मारला गेला आणि मग त्याचें प्रेत जाळलें. ग्रंथ कोणीं वाचावा आणि कोणीं वाचूं नये, हा वाद आपल्यालाहि परका नाहीं. साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपति, शिवछत्रपतींचे वंशज, त्यांना वेदोक्ताचा अधिकार आहे कीं नाहीं यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठें रण माजलें, आणि विरोधी पक्षाचे पुढारी होते सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन. म्हणजे सातारा आणि सांगली! पोरांना टिंडेलची गोष्ट सांगतांना या गोष्टीकडे बोट दाखवा, म्हणजे युरोपचा इतिहास युरोपचा राहत नाहीं.

तेथून मागें रोम. ज्या रोमन सत्तेनें येशूला क्रुसावर दिलें, त्याच सत्तेचा बादशहा कॉन्स्टंटाईन यानें ३१३ सालीं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्यानंतर शंभर वर्षांच्या आंत तो धर्म राजधर्म झाला. छळ सोसणारी मंडळी सिंहासनाशेजारीं बसली, म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न मुलांपुढें टाकावा आणि उत्तर देऊं नये. पोरें स्वतः बोलतील, आणि तुम्हांआम्हांपेक्षां बरें बोलतील. सर्वांत शेवटीं पोंचावें त्या सुताराच्या पोरापाशीं, कोळ्यांच्या संगतींत हिंडणाऱ्या, मंदिरांतले सराफांचे चौरंग उलथून टाकणाऱ्या येशूपाशीं. महात्मा फुल्यांना तो बळीराजाच्या कुळींचा वाटला यांत नवल कसलें?

हें झालें मिरजेकडून. आतां कृष्णेच्या काठानें वर वाईकडे चला. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, खालीं घाट आहे, आणि घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं सहलीला मुलें नेलीं असतील. त्या घंटेवर मरीया आणि बाळ येशू यांची आकृति आहे आणि १७०७ हें साल आहे. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें वसई घेतली, तेव्हां त्या मुलखांतल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर आल्या, त्यांतली ही एक समजली जाते. महादेवाच्या देवळापाशीं मरीयेची घंटा! पोरें वर चढून ती वाजवून पाहतात आणि मास्तर म्हणतात, "चला, चला, उशीर झाला." अहो, सगळा धडा तेथें टांगला आहे!

त्या घंटेखालीं पोरांना बसवावें आणि गोव्याची गोष्ट सांगावी. ती दोन्ही बाजूंनीं सांगावी. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं आला, मराठी शिकला, आणि त्यानें ओंवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलें. १६१६ सालीं तें रायतूर येथें छापलें गेलें. ज्ञानोबा-एकनाथांच्या छंदांत येशूची कथा लिहिणारा हा परदेशी मनुष्य आमच्या भाषेचा थोर उपासक होता, हें कोणीं नाकारूं नये. आणि त्याच गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशनची कचेरी बसली, ती मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालली. माणसांना धर्मासाठीं कैदेंत घातलें, जाळलें. आणि १६८४ सालीं सरकारानें लोकांच्या कोंकणी बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. एकाच चर्चचे हे दोन हात. जो मास्तर एकच हात दाखवितो तो मुलाला फसवितो, मग तो हात कोणताहि असो.

याच ठिकाणीं आणखी एक गैरसमज काढून टाकतां येतो. आपल्याकडे सरसकट म्हणतात कीं, ख्रिस्ती धर्म इंग्रजांबरोबर आला. इंग्रजांच्या हजार वर्षें आधीं, सहाव्या शतकांत, कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें पश्चिम किनाऱ्यावरील एका कल्याण नगरांत ख्रिस्ती मंडळी आणि तिचा बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे. तें आपलें ठाण्याजवळचें कल्याण असें पुष्कळ अभ्यासक मानतात. केरळांतील सिरियन ख्रिस्ती तर आपली परंपरा थेट संत थॉमसपर्यंत नेतात. आणि आपल्या तोंडांतले शब्द पाहा. पाद्री, नाताळ, क्रूस हे इंग्रजी नव्हेत, पोर्तुगीजांचे आहेत. शिक्षक ज्याची महिनाभर वाट पाहतो तो पगार आणि पोरें वडा ज्यांत घालून खातात तो पाव, हेहि त्यांचेच. इंग्रजांची तर उलटीच कथा. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. व्यापारांत धर्माचा कज्जा कशाला, असा तिचा हिशेब. १८१३ सालीं गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईंत उतरले, तेव्हां त्यांना परत घालविण्याचीच खटपट चालली होती. त्याच सालीं पार्लमेंटानें कंपनीच्या सनदेंत दुरुस्ती केली तेव्हां कोठें दार उघडलें. पुढें राज्य आणि मिशन यांची जवळीक झाली नाहीं असें नाहीं. साताऱ्याचें राज्य डलहौसीनें १८४८ सालीं खालसा ठरविलें, आणि साताऱ्यास अमेरिकन मिशनचें कायमचें ठाणें बसलें तें १८४९ सालीं. पण महाबळेश्वरीं ग्रेव्हज पति-पत्नींचें काम त्याआधींपासून, छत्रपतींचें राज्य असतांना, चालू होतें हेंहि खरें. दोन्ही तारखा फळ्यावर लिहाव्या. ओढाताण पोरांना करूं द्यावी.

आतां आमच्या जिव्हाळ्याचा भाग. महात्मा फुल्यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण, सावित्रीबाईंचें माहेर खंडाळा तालुक्यांतील नायगांव. दोन्ही सातारा जिल्ह्यांत. जोतीराव १८४१ पासून पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. नगरला सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंनीं चालविलेली मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनींहि फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले असें चरित्रकार सांगतात. त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं छापला कोणीं? मिशनच्या 'ज्ञानोदया'नें. हें ऋण लपविण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. लपवितात कोण? एक तर ज्यांना फुल्यांना पाद्र्यांचा हस्तक ठरवायचें असतें ते, आणि दुसरे, हस्तक म्हणतील या भीतीनें हातपाय गाळणारे आपलेच लोक!

अहो, हस्तक असता तर बाप्तिस्मा घेतला नसता का? त्यांचे मित्र बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं घेतला. जोतीरावांनीं घेतला नाहीं. त्यांनीं टॉमस पेन वाचला, आणि पेन हा तर चर्चचा कडवा टीकाकार! 'गुलामगिरी' हें पुस्तक त्यांनीं १८७३ सालीं अर्पण केलें तें अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांना. येथें मुलांना अमेरिकेचीहि गंमत सांगावी. जो देश आमच्याकडे पाद्री पाठवीत होता, त्याच देशांत १८६५ पर्यंत गुलामांचा बाजार होता. कांहीं पाद्री बायबल हातीं घेऊन गुलामगिरीचें समर्थन करीत, कांहीं तेंच बायबल घेऊन तिच्यावर तुटून पडत. आणि मिशनरी पाठविणाऱ्या बोर्डानें गुलामांच्या धन्यांशीं संबंध तोडावा कीं नाहीं, यावर अमेरिकेंत भांडण लागून १८४६ सालीं वेगळी मिशनरी संस्था निघाली. पुस्तक एक, वाचणारे दोन. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त त्यांनीं असें एक घर कल्पिलें आहे कीं, ज्यांत एकजण बुद्धाचा ग्रंथ वाचतो, दुसरा बायबल, तिसरा कुराण, चौथा सत्यधर्म, आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाहीं. आमच्या वर्गाचा नमुना त्यांनीं तेव्हांच घालून दिला आहे.

साताऱ्यासच आणखी एका गृहस्थाचें नांव घेतलें पाहिजे: रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्मानें चित्पावन ब्राह्मण, १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. मराठी चर्चला त्यांनीं अभंग दिले, कीर्तन दिलें. इंग्रजी पेटीच्या जागीं टाळ-मृदंग आणला. आणि मग १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास येऊन राहिले व 'देवाचा दरबार' त्यांनीं उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि त्या दरबारांत जागा. परक्या साहेबाच्या पगारावर चर्च किती दिवस चालणार, हा त्यांचा सवाल होता. १९१९ सालीं ते वारले आणि तो दरबार पुढें टिकला नाहीं, पण सवाल खरा होता. ब्राह्मण म्हणून त्यांची गोष्ट आम्ही सोडावी काय? मुळींच नाहीं. उलट लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून मुलांना दाखवावें कीं, नवरा ख्रिस्ती झाल्यावरहि ही बाई आरंभीं सोंवळें कसें सांभाळीत होती आणि मग तें तिनें स्वतःच्या विचारानें कसें टाकलें. जात पाण्याच्या एका थेंबानें जात नाहीं, हें त्याहून सोप्या रीतीनें कोणी सांगितलेलें नाहीं.

चर्चमध्यें जात गेली का, हा प्रश्न पोरें विचारतीलच. खरें तें सांगा. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चाड्डी, सुदीर हे भेद शतकानुशतकें राहिले. पांचगणीला १८९५ सालीं कॉन्व्हेंट निघालें, पुढें आणखी निवासी शाळा निघाल्या, त्या गोऱ्यांच्या आणि पैसेवाल्यांच्या मुलांसाठीं. आणि खालीं खेड्यांत त्याच क्रुसाच्या नांवानें महारमांगांच्या पोरांसाठीं झाडाखालची शाळा. दुष्काळांत मिशननें अनाथ पोरें सांभाळलीं आणि त्यांतलीं बरीच ख्रिस्ती झालीं. यावर नाक मुरडणाऱ्यांना विचारावें कीं, त्या सालीं तुमचीं अन्नछत्रें कोणासाठीं उघडीं होतीं? पण त्याच बरोबर हेंहि सांगावें कीं, १८७७ च्या दुष्काळांत धनकवडीस जोतीरावांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं पोरांना जेवूं घातलें, तें कोणाचा देव न बदलतां. आणि कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, सगळ्या जातींचीं पोरें एका पंक्तीला बसविलीं, तीहि कोणाचा देव न बदलतां. उलट बाजूला पाहा. १९५० च्या हुकुमानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ सालीं शीख आंत आले, १९९० सालीं बौद्ध आंत आले, ख्रिस्ती दलित मात्र बाहेर राहिले. सरकार म्हणतें, तुमच्या धर्मांत जात नाहीं. गांव म्हणतें, ओंजळ धर. आमच्या वर्गांतला तो मुलगा या दोहोंच्या मधें उभा होता.

आतां दोनचार व्यवहाराच्या गोष्टी सांगून संपवितों. वर्गांत एखादें ख्रिस्ती मूल असेल तर त्याला उभें करून "तूं सांग रे तुमच्यांत काय असतें" असें म्हणूं नये. तें मूल आहे, प्रदर्शनांतली वस्तु नव्हे. त्याला बोलावेंसें वाटलें तर तें बोलेल. गांवांत चर्च असेल तर पाळकसाहेबांना आधीं भेटून, हेडमास्तरांची आणि पालकांची संमति घेऊन, मुलांना तेथें न्यावें. वेळ प्रार्थनेची नसावी. जुन्या ख्रिस्ती स्मशानांतल्या दगडांवरचीं नांवें व सालें उतरवून घ्यावीं. किती साहेबांचीं, किती आपल्या आडनांवांचीं, किती तान्ह्या पोरांचीं, एवढें मोजलें तरी पुरे. चर्चच्या पाटीवर 'उत्तर भारतीय चर्च' असें दिसलें तर तें १९७० सालीं नागपुरास निरनिराळ्या पंथांच्या एकीकरणांतून झालेलें चर्च आहे हें सांगावें, म्हणजे मघाचे प्रेस्बिटेरियन कोठें गेले तें कळेल. आणि रविवारची सुट्टी कां, हें अवश्य विचारावें. पोरें म्हणतील, इंग्रजांनीं दिली. गोऱ्या साहेबाला चर्चसाठीं ती होतीच. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळाली १८९० सालीं, आमच्या सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या झगड्यानें. त्यांनीं मालकांना सांगितलें कीं, रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे. पालीच्या यात्रेला जाणाऱ्या कऱ्हाडकडच्या पोरांना हें सांगून पाहा!

निंदा करूं नये हें खरें. पण निंदा होईल या भीतीनें इन्क्विझिशन गाळूं नये. स्तुति करूं नये हेंहि खरें. पण स्तुति होईल या भीतीनें फॅरारबाईंना गाळूं नये. वर्गांत ज्या मापानें चर्च मोजाल त्याच मापानें देऊळ आणि मशीदहि मोजा, नाहींतर पोरें ताबडतोब ओळखतात. पोरांइतका पक्का सत्यशोधक दुसरा नसतो.

मिरजेजवळचे ते गुरुजी आज या सभेंत बसले आहेत. येतांना त्यांनीं आम्हांस सांगितलें कीं, तो मुलगा आतां आठवींत गेला आहे आणि त्याची आजी अजून हयात आहे. येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर गुरुजी तिच्याकडे जाणार आहेत, वही घेऊन. इस्पितळांत ती कोणत्या सालीं होती, कोणत्या वॉर्डांत होती, शेजारच्या खाटेवर कोण होतें आणि त्यांना पाणी कसें देत असत, तें लिहून घ्यावयास. आम्हीहि बरोबर जाणार आहों. आणखी कोणाला यावयाचें असेल त्यांनीं सभेनंतर गुरुजींस भेटावें. आम्ही बसतों.